अनंताच्या बारा काड्या

२ जुलै, सकाळी ७
बायको बहिणीकडे गेली त्याला आज नऊ दिवस. चार-पाच दिवसांत येईन म्हणाली होती. म्हणजे आलीच. जाताना बोलली, गॅलरीतल्या अनंताच्या झाडाला पाणी घाल, बाकी हात लावू नकोस. भांडण मी तिचं ऐकत नाही यावरून होतं बहुतेक. पूर्ण ऐकलं नव्हतं.
संकल्प: ती येईपर्यंत एका अनंताचे बारा. बारा कुंड्या बघून कुणाचा राग टिकतो?

३ जुलै
बारा काड्या कापल्या. मोठं झाड जरा बोडकं दिसतंय. नर्सरीवाला म्हणाला, ओल्या वाळूत खोचा, वर पिशवी घाला, दोन महिने विसरा. त्याला काय घाई? मी तीन आठवडे धरलेत.

६ जुलै
एक उपटून पाहिली. मुळं नाहीत. परत खोचली. रोज एकच बघायची. शिस्त हवी.

७ जुलै
सगळ्या बघितल्या.

१५ जुलै
बाराच्या बारा हिरव्या. बायकोला फोन केला. मेहुणीनं उचलला. ताई मोबाईल विसरून ऑफिसला गेलीय म्हणाली. तिथे कुठलं ऑफिस? टाइमपास असेल.

२३ जुलै
सात नंबरला कळी! नर्सरीवाला म्हणतो, मुळं नसताना फुलतेय म्हणजे अंगात होतं नव्हतं ते संपवतेय, खुडा. निगेटिव्ह माणूस. बायकोला फोटो पाठवला. ब्लू टिक आल्या. म्हणजे अर्धी परतलीच.

२९ जुलै
काल फूल उमललं, घरभर वास. आज फूल पिवळं, काडी काळी. बाकीच्याही गेल्या. वाळूच खराब. या धांदलीत मोठ्या झाडाला पाणी घालायचं राहिलं. पानं गळतायत. येतील. सदाहरित आहे.

४ ऑगस्ट, दुपार
मेहुणी आली, बायकोचे कपडे न्यायला. गॅलरीत बघत राहिली. भाऊजी, किती कापलंत हो, म्हणाली. मग सांगितलं, ताईनं जाताना एक काडी नेली होती, ओल्या रुमालात गुंडाळून. पाण्याच्या ग्लासात ठेवली, कुणाला हात लावू दिला नाही. छान मुळं आली. काल अंगणात लावली.
मी म्हटलं, कुंडीत लावायची ना, इकडे आणायला सोपी.
तिनं बॅगेची चेन लावली. हळूच म्हणाली, मीही तेच म्हटलं. ताई म्हणाली, जमिनीतच लावायची.

संध्याकाळी ६
मोठ्या झाडाला तांब्याभर पाणी घातलं. एक पान नाही त्याला. पण पाणी घाल म्हणून सांगून गेली होती.