आतली लांबी सव्वीस

७ फेब्रुवारी

फाटकाचा डावा खांब पुन्हा लागला. पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. खांब काही हलत नाही, आणि मी एकोणतीस वर्षं याच फाटकातून गाडी काढतोय. मग? टायर मोठे बसवले त्याचाच परिणाम असणार. वळण बदलतं. गॅरेजच्या मिस्त्रीला विचारलं पाहिजे.

ही खिडकीतून बघत होती. काही बोलली नाही. न बोलणं हा हिचा स्वभाव नाही.

८ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणतो, मोठ्या टायरने वळण बदलतं, "पण एवढं नाही, मास्तर." एवढं म्हणजे केवढं ते सांगेना. हा गॅरेजवाला सव्वासहा फूट उंच आहे. मी मनात त्याला जिराफ म्हणतो. बॉनेटखाली वाकला की मधोमध घडी पडते.

एकदा सगळं नीट लिहून काढतो, म्हणजे डोक्यातला गुंता सुटेल.

ही वॅगन आम्ही शाळांचे गणवेश पोचवायला घेतली होती. मागे गठ्ठे, पुढे मी. शिवणाचं दुकान बंद झालं, गाडी राहिली. (दुकान डोळ्यांमुळे बंद केलं नाही. लोक हल्ली शिवून घेत नाहीत, तयार कपडे घेतात. एवढंच.) हिची मोठी बहीण, ताई, तलावापलीकडे राहते. शेवटचे अकरा किलोमीटर रस्ता म्हणावा असा रस्ताच नाही — दगड, चर, दोन ओढे. तिकडची बस बंद होऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून दोघी बहिणींची गाठ नाही. ताई चौऱ्याहत्तरची, कंबर धरलेली, ती येऊ शकत नाही. आता १ एप्रिलपासून पुलाचं काम निघतंय. वाट वर्षभर बंद. वर्षभराने ताई असेल का, हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही.

डिसेंबरात ही म्हणाली, "मला एकदा ताईकडे न्या." चाळीस वर्षांच्या संसारात हिने मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. म्हणून कामाला लागलो. गाडी दीड इंच उचलली, चारही स्प्रिंगांवर चकत्या घालून आणि टायर मोठे बसवून. इंजिनाच्या खाली जाड पत्रा ठोकला, दगड लागून तेलाचा चेंबर फुटू नये म्हणून. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंत आधी साडेसहा इंच होते, आता आठ. टेपने स्वतः मोजलेत.

आणि गाडी तयार झाल्यावर ही ट्रायलला एकदा बसली, तेव्हापासून तिच्यात बसायला तयार नाही!

९ फेब्रुवारी

विचारलं. "कुठे बसायचंय? भाजी आणायला गाडी कशाला?" म्हणाली.

भाजीचं कोण बोलत होतं?

११ फेब्रुवारी

मागच्या रविवारचं आठवून बघतोय. दगडखाणीच्या वाटेवर हिला ट्रायलला नेली होती. गाडी अशी चालली म्हणता! खड्ड्यातून, उतारावरून, पोटाला एक दगड लागला नाही. येताना फक्त एक सायकलवाला डावीकडून एकदम समोर आला. कुठून उगवला कोण जाणे. ब्रेक लागला वेळेवर. ही ओरडली. घरी पोचल्यावर दोन मिनिटं तशीच सीटवर बसून राहिली. नंतर दाराला धरून हळूहळू उतरली.

चुकलं काय, तेच कळत नाही. सायकलवाल्याला काही झालं नाही. त्याने मलाच चार शिव्या दिल्या, म्हणजे तब्येत उत्तम होती.

१५ फेब्रुवारी

पुढचा डावा टायर पूर्ण वळवला की आतल्या प्लॅस्टिकला घासतो. खडूने खूण केली, कात्रीने बोटभर कापलं. कापडासारखं कापलं जात नाही, पण कडेला मार्जिन ठेवलंय. आता घासत नाही.

१९ फेब्रुवारी

गाडी चाकांची अलाइनमेंट करायला दोन दिवस मिस्त्रीकडे होती. आज आणायला गेलो. आत बसतो तर गुडघे थेट स्टिअरिंगला. सीट पार पुढे ओढलेली. आरसा खाली झुकवलेला, त्यात मला फक्त मागची सीट दिसत होती.

"सीट कोणी पुढे केली?"

"सीटच्या पट्टीला ग्रीस लावत होतो, मास्तर."

आणि आरशालाही ग्रीस लावत होतास का? — हे मला घरी आल्यावर सुचलं. माझी उत्तरं नेहमी घरी आल्यावर येतात.

२० फेब्रुवारी

गाडी एकतीस किलोमीटर जास्त चाललीय. नोंद माझ्याकडे आहे. मिस्त्री म्हणे, "ट्रायल नको का घ्यायला? तुम्ही पँटची ट्रायल घेत नव्हता?"

घेत होतो. तरी पण एकतीस?

२२ फेब्रुवारी

हिने कॅनव्हासचे बूट आणि एक पँट घेतली. रोज सकाळी चालायला जाणार म्हणे. या वयात अचानक. गुडघ्यांना चांगलं असतं, असं कुठेतरी वाचलं म्हणाली. बरं.

मला म्हणाली, "तुम्ही डोळे दाखवून या एकदा." मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी दाखवलेत, ठणठणीत आहेत. मग दोघांनी चहा प्यायला.

२७ फेब्रुवारी

मिस्त्रीने पुन्हा गाडी मागवून घेतली. "नव्या चकत्या बसायला वेळ लागतो. दर आठवड्याला दोन-तीन दिवस ठेवा माझ्याकडे." पैसे घेत नाही. हे तर आणखीनच संशयास्पद. फुकट काम करणारा मिस्त्री मी आजवर पाहिलेला नाही.

३ मार्च

पुन्हा सीट पुढे! पुन्हा आरसा खाली!

आज टेप खिशात नेली होती. सीटच्या पाठीपासून क्लचपर्यंतचं अंतर घेतलं, गुडघ्याच्या वाकाचं वजा केलं. चाळीस वर्षं माणसांच्या तंगड्या मापल्यात, एवढं येतंच. जो कोणी माझी गाडी चालवतो, त्याची आतली लांबी सव्वीस. उंची पाच फूट, फार तर एक इंच वर. म्हणजे जिराफ नाही. त्याचे गुडघे तर कानाला लागले असते.

मग कोण? गॅरेजात दुसरं कोणी कामाला नाही. मिस्त्रीचं लग्न झालेलं नाही. त्याची आई आहे, पण ती त्याच्याच मापाची.

पाच फुटाचं कोणीतरी माझी गाडी फिरवतंय आणि मिस्त्री त्याला सामील आहे. आणि ते माणूस गाडी नीट चालवतं, हे आणखी विचित्र. कुठे ओरखडा नाही, पोचा नाही. आहेत ते दोन ओरखडे माझेच.

४ मार्च

गॅरेजसमोरच्या बाकावर तासभर पेपर घेऊन बसलो. मिस्त्री दोन वेळा बाहेर येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा चहा घेऊन आला. म्हणाला, "मास्तर, पेपर उलटा आहे." नव्हता. उगाच गंमत करत होता. पण मी बघितलं.

गाडी तिथेच होती, तासभरात जागची हलली नाही. ही आज चालायला गेली नव्हती. घरी होती, कपाट आवरत.

८ मार्च

पुढच्या ॲक्सलचा रबरी बूट फाटला. चाकाच्या आत सगळीकडे ग्रीस उडालेलं. गाडी उचलली की ॲक्सल तिरका होतो, रबर ताणलं जातं, असं मिस्त्रीने दाखवलं. हे आधी माहीत असतं तर दीडऐवजी एक इंचच उचलली असती. एक वाढवलं की दुसरं कुठेतरी ओढलं जातं. बाही लांब केली की काखेत धरतं, तसंच. नवा बूट बसवला, पट्ट्या आवळल्या.

जेवताना हिने विचारलं, "क्लच जड असतो का हो सगळ्याच गाड्यांचा?"

हिला क्लचशी काय करायचंय? मी म्हटलं, आपल्या गाडीचा आहे थोडा जड, मिस्त्रीला सैल करायला सांगतो. "सांगा," म्हणाली. आणि भात वाढला.

१२ मार्च

हिचा पाय दुखतो. संध्याकाळी पोटरीला तेल लावत बसली होती. चालून दुखतो म्हणे. मी विचारलं, दोन्ही? "डावाच." चालणाऱ्या माणसाचा एकच पाय कसा दुखतो?

१३ मार्च

कळलं! एवढं साधं होतं आणि मी महिनाभर चाचपडत होतो.

हिला गाडीत चढता येत नाही. पाय दुखतो, गाडी दीड इंचाने वर गेलीय, आणि बाईसाहेब सांगायला तयार नाहीत. खाणीवरून आलो तेव्हा दाराला धरून उतरली ती यामुळेच. म्हणून "भाजीला गाडी कशाला." म्हणून गुडघ्यांना चांगलं म्हणून चालणं. मी एक गाढव. जिच्यासाठी गाडी उचलली, तिलाच चढता येणार नाही एवढी उचलली.

माझे उस्ताद म्हणायचे, माप टेपला विचारू नकोस, गिऱ्हाइकाला विचार. मी गाडीचं माप घेतलं, दगडांचं घेतलं, ओढ्याच्या पाण्याचं घेतलं. हिला विचारलंच नाही.

आताही विचारणार नाही. हिला अवघडल्यासारखं होईल. गुपचूप पायरी करून लावतो. अठरा दिवस हातात आहेत.

१४ मार्च

ही दुपारी झोपली तेव्हा दोरीवर वाळत घातलेली हिची पँट मापली. आयुष्यभर पुरुषांचे कपडे शिवले, हिचं माप कधी घेतलं नव्हतं. पायरी किती उंचीवर हवी ते काढायचं होतं.

आतली लांबी सव्वीस.

हा आकडा मी अलीकडेच कुठेतरी लिहिलाय. कुठल्या गिऱ्हाइकाचा? दुकान तर बंद आहे. काही केल्या आठवत नाही.

१८ मार्च

मिस्त्रीला पायरीचं सांगितलं. हिच्या पायाचं, चढता न येण्याचं, सगळं. तो आधी हसायला लागला, मग एकदम थांबला. म्हणाला, "करतो. चांगली करतो." माणूस वाईट नाही. सीटचं मात्र अजून कबूल करत नाही.

२१ मार्च

रात्री नीट झोप लागली नाही. वाट एकदा डोक्यात घोळली की घोळतच राहते. पहिला ओढा उजवीकडून घ्यायचा. दुसऱ्याला डावीकडे खडक आहे, तो सांभाळायचा. डावीकडचा. चार वर्षांपूर्वी बसमधून तो खडक मला लांबून दिसला होता.

हेडलाइटचे बल्ब बदलून घेतले. जुने मंद झाले होते.

२३ मार्च

ताईचा फोन आला होता. ही बराच वेळ "हो, हो, येते" म्हणत होती. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, येते काय, येतो म्हण. आपण दोघं. ही माझ्याकडे वळली. डोळे भरले होते. "काय झालं?" म्हटलं तर, "काही नाही, मिरच्या चिरत होते."

मिरच्या घरात नव्हत्या. मी बघितलं.

हिला माझ्याबरोबर जायचंच नाहीये की काय, असं एक क्षण वाटलं. फार वाईट वाटलं. या वयात माणसाला असं वाटू नये.

२५ मार्च

पायरी झाली. लोखंडी पट्टी, वर खरखरीत रबर, चार बोल्टवर बसणारी. डाव्या दाराखाली बसवली. मी स्वतः उभा राहून बघितलं, जराही हलत नाही.

या मिस्त्रीला मात्र कोडी घालायची सवयच आहे. त्याने उजव्या दाराखालीही चार भोकं पाडून ठेवलीत. कशाला? तर म्हणे, "असू द्या, लागतील." फुकटची भोकं, गंज चढेल. त्यात ग्रीस भरून घेतलं.

टायरमधली हवा ताईच्या वाटेला लागलो की बावीसवर आणायची, म्हणजे दगडांवर टायर पसरून पकड धरतो. हवेचा पंप मागे ठेवला. स्टेपनी तपासली. दोरी, पाना, जॅक, पाणी. आता फक्त हिला पायरी दाखवायची.

२६ मार्च

दाखवली. ही वाकली. रबरावरून हात फिरवला. मग म्हणाली, "फार छान झालीय. पण उजव्या दाराला लावा. मी तिकडून चढते."

पर्समधून लायसन्स काढून बॉनेटवर ठेवलं. गाडी घेतली तेव्हा दोघांचं काढलं होतं, ही ते वेळोवेळी वाढवूनही घेत आलीय. स्टिअरिंग मात्र मी कधी हातात दिलं नव्हतं.

सव्वीस कुठे लिहिलं होतं ते आठवलं.

तीन बोल्ट मी लावले. चौथं भोक सापडेना, सगळ्यात डावीकडचं. हिने माझं बोट धरलं आणि त्यावर नेऊन ठेवलं.

या वहीलाही सांगितलं नव्हतं, आज लिहितो. डावीकडचं मला दिसत नाही. दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, गाडी चालवू नका.

उद्या सकाळी ताईकडे निघतोय. चालवणार ही.