काका दिसलेच नाहीत

७ नोव्हेंबर, शनिवार

ताई,

नमस्कार. पूर्वी पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्काराची लांबलचक ओळ असायची. या वेळी ती मनापासून लिहिता येईना, म्हणून नुसताच नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींची साखर आटोक्यात आहे ना? तू म्हणशील, एवढंच विचारायचं तर फोन का नाही केला. फोनचं पुढे लिहिते.

इकडे माझं बरं चाललंय. कारखान्यात शाळांच्या गणवेशांचं काम आलंय, दिवसभर बाह्या जोडून बोटं आखडतात. खालच्या कंपाउंडरने मांजर पाळलंय, पण ते लोळतं माझ्याच पायपुसण्यावर. हे असते तर एव्हाना त्याला दुधाची वाटी सुरू झाली असती आणि मी दोघांच्याही नावाने ओरडत बसले असते.

तू पाठवलेला स्वेटर मिळाला. दादा घेऊन आला होता. स्वेटरबरोबर तुझा निरोपही आणला त्याने, तो मात्र काही घशाखाली उतरेना. "घरातलं घरात मिटवू," म्हणाला. "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, एवढंच तू कोर्टात म्हण. पोराचं अख्खं आयुष्य पुढे पडलंय गं." मी म्हटलं, "आणि ह्यांचं काय संपत आलं होतं का रे?" तर अर्धा चहा तसाच टाकून चपला शोधायला लागला. आपला दादा म्हणजे ना, कायम असाच.

तुझा सोन्या परका असता तर माझा राग आतापर्यंत निवला असता. परक्यावर माणूस किती दिवस जळणार? पण त्याला मी न्हाऊमाखू घातलंय. त्याचा शाळेचा पहिला गणवेश मी शिवला. ह्यांनी त्याला सायकल शिकवली, मागे धावून धावून दम लागायचा ह्यांना. म्हणून तर माझा जळफळाट थांबत नाही.

परवा कारखान्याच्या खिडकीतून तो दिसला. सिग्नलला नवी कोरी गाडी, काच खाली, फोन कानाला, आणि कशावर तरी खदाखदा हसत होता. ह्यांना जाऊन वर्ष नाही झालं, ताई. माझ्या हातातली कात्री मी टेबलावर ठेवली.

त्याच्या वकिलाने काय लिहून दिलंय ते वाचलंस का? म्हणे अंधार होता, सायकलवाला दिसलाच नाही. कसला अंधार? दिवेलागणीची वेळ होती. हे चष्म्याच्या दुकानातून सुटून रोजच्या रस्त्याने घरी येत होते. जाकिटावर मी चमकत्या पट्ट्या शिवून दिल्या होत्या, पाठीवर दोन आणि बाह्यांवरही. हे चिडवायचे, "मला काय विमानतळावर उभं करणार आहेस?" चालत्या झुंबरासारखा दिसायचा माणूस. आणि म्हणे दिसला नाही.

बरं, आता फोनचं.

तू त्या दिवशी पडदे शिवायला टाकायला माझ्याकडे आली होतीस. आपण दोघी मटार सोलत होतो. सोन्या तुला न्यायला निघाला होता आणि तू नेहमीसारखा फोन लावलास, "कुठवर आलास रे?" कानाला मोबाईल लावला की तुझं डोकं दुखतं, म्हणून तू तो स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवतेस. त्या दिवशीही ठेवलास. त्यामुळे त्याचं बोलणं तू ऐकलंस तसं मीही ऐकलं.

"आई, थांब जरा. एक सायकलवाला कडमडतोय मध्ये, चमचम करत. जरा कट मारून घाबरवतो साल्याला."

आपण हसलो, ताई. आधी तू, मग मी. आणि मग धाडकन आवाज आला, आणि फोन बंद झाला. तू म्हणालीस, "रेंज गेली वाटतं." आणि पुढची शेंग उचललीस.

मी ह्यांच्यावरच हसले. कोणी क्षमा केली म्हणून मी यातून सुटणार नाही, आणि मला ती नकोही आहे.

दवाखान्यात सोन्या माझ्या पायाशी बसून रडला. "मावशी, काका दिसलेच नाहीत गं." तू माझा हात दाबून कानाशी म्हणालीस, "फोनचं कुठे बोलू नकोस." ह्यांच्या अंगावरची चादर अजून नीट केली नव्हती आणि तू माझं तोंड बंद करत होतीस. पुढे पोलिसांनी विचारलं तर तू कानावर हात ठेवलेस. पोराला फोन केला, पण तेव्हा गाडी उभी होती, असं सांगितलंस. मला तर कोणी फोनचं विचारलंच नाही. बाई घरात होती, तिला काय माहीत?

काल मी सरकारी वकीलबाईंकडे जाऊन आले. सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. त्यांनी दोनदा विचारलं, "आणि तेव्हा तुमच्या बहिणीही ऐकत होत्या?" म्हटलं, "फोन तिच्याच मांडीवर होता." त्या म्हणाल्या, हलगर्जीपणाची शिक्षा वेगळी आणि बघून अंगावर गाडी घालण्याची वेगळी. या विषयावर कोणाशी बोलू नका असंही म्हणाल्या. मी बोलत नाहीये, लिहितेय.

सोमवारी माझी साक्ष आहे. माझ्यानंतर तुला बोलावतील. एक तर तू खरं सांगशील, आणि तुझा लेक तुझ्याच शब्दांनी आत जाईल. नाही तर भरल्या कोर्टात माझ्याकडे बोट दाखवून म्हणशील की माझी बहीण खोटारडी आहे. जे म्हणायचं ते म्हण, पण माझ्या डोळ्यांत बघून म्हण. दादाला मध्ये घालू नकोस, स्वेटर पाठवू नकोस. मला त्याची माफी नको. पाय धरून झाले, रडून झालं. आता ते वाक्य त्याला सगळ्यांसमोर ऐकू दे, त्याच्या आईला शेजारी बसवून. आपण दोघी हसलो, तेही सांगणार आहे. मी स्वतःला वगळणार नाही आणि तुलाही नाही.

पुढच्या बाकावर बस. मला तुझा चेहरा दिसला पाहिजे.

तुझे पडदे शिवून झालेत. अस्तर लावलंय, उंचीही तू सांगितलीस तेवढीच ठेवलीय. सोमवारी पिशवीत घालून कोर्टातच आणते, म्हणजे माझ्या घरी यायला तुला काही कारण उरणार नाही.

तुझी धाकटी बहीण,
आणि सोमवारपासून सरकार पक्षाची साक्षीदार