पूजेत बसलेला चेंडू

॥ श्री महामाया प्रसन्न ॥

पुरानी बस्ती, रायपूर
आश्विन वद्य पंचमी

ती. सौ. चित्राताईस,

धाकट्या वनमालेचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींची शुगर आणि अंगणातली तुळस, तिघांची खुशाली कळव. इकडे महामायेच्या कृपेने आम्ही दोघं बरे आहोत. (यांना खोकला आहे, पण तो लग्नाच्या आधीपासूनचा आहे, म्हणून त्याला आजारात धरत नाही.)

तुझे दीर श्यामकांत यांच्या हाती पाठवलेलं सगळं पोचलं. मुगवड्या आणि ज्वारीच्या पापड्या शाबूत. लोणच्याची बरणी गाडीत गळली, पिशवी धुण्यात साबणाची अख्खी वडी गेली, रुपये दहा. हमालाने साठ मागितले, चाळीसात पटला. ईराचा निळा ड्रेस छान आहे, खांद्यात जरा घट्ट होतो (तिचे खांदे का वाढले ते पुढे येईल). शेवेच्या लाडवांचा डबाही पोचला. तो अजून उघडला नाही, त्याचंही कारण पुढे येईल. आणि सर्वांत खाली ईराचं परतीचं तिकीट, त्याला लोणच्याचा एक थेंब लागला नाही.

सोबतची तुझी चिठ्ठी दोनदा वाचली. दसऱ्याला फोनवर तुला ईराचा समोरचा अर्धा दात दिसला नाही, तेव्हापासून तुझ्या पोटात अन्न नाही. पोट्टीला आता तिथे ठेवायचं नाही, अभ्यास घरून करील, परीक्षेपुरती येईल. येत्या रविवारच्या गाडीत तिला बसवून द्यावं आणि दात कसा गेला ते सविस्तर लिहावं. सविस्तर म्हणालीस म्हणून पत्र लिहायला बसले. फोनवर तू बोलतेस, मी हं हं करते, आणि शेवटी तूच म्हणतेस, बरं झालं, मोकळं बोलणं झालं.

तर सुरुवातीपासून सांगते. आषाढात ईरा कॉलेजसाठी आमच्याकडे आली तेव्हा आमच्या घरात दोन माणसं आणि तीन घड्याळं होती. आमचा गौतम बंगळुरूला गेल्यापासून हे एका घड्याळाला किल्ली देत, मी दुसऱ्याला, तिसरं सेलवर. आठवड्याभरात पोट्टी म्हणाली, मावशी, मी तळ्यामागच्या मैदानावर खेळायला जाऊ का? मला वाटलं खो-खो. आपण दोघी शाळेत खेळायचो तसा. मी म्हटलं जा, पण दिवेलागणीला परत ये. ती दिवेलागणीला परत आली, पण ओळखू आली नाही. चिखलाची मूर्ती दारात उभी, फक्त दात पांढरे. (तेव्हा सगळे होते.)

दुसऱ्या दिवशी मीच बघायला गेले. त्या खेळाचं नाव रग्बी. चेंडू गोल नाही, अंड्यासारखा लांबट. तो घेऊन समोरच्यांच्या रेघेपलीकडे जमिनीला टेकवायचा, की गुण. पण हातातून दुसरीला द्यायचा तर पुढे देता येत नाही, मागेच द्यायचा, आणि चेंडू धरलेल्या मुलीला कमरेत मिठी मारून पाडलं तर त्याला कोणी भांडण म्हणत नाही. मी पोचले तेव्हा तीन मुली इकडून आणि तीन तिकडून डोकी एकमेकींत खुपसून खाली वाकल्या होत्या. मला वाटलं कोणाचं कानातलं पडलं. सोन्याचं असलं तर! पदर खोचून मीही जाऊन त्यांच्यामध्ये वाकले आणि गवत चाचपू लागले. ईरा तोंड झाकून म्हणाली, "मावशी, तू काहून आत आली? हे खेळून राहिलो आम्ही!" त्यांची शिकवणारी चेतनादीदी, शाळेत पी.टी. शिकवते, तिने शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाली, "मौसी, आप भी खेलेंगी क्या? एक लड़की कम है." मी घरी येऊन देवाला दिवा लावला आणि यांना म्हटलं, पोट्टीला परत पाठवू या. (तेव्हा तू ठेव म्हणत होतीस. पत्र राहिलं लिहायचं.)

राहिलं ते शुक्रवारमुळे. यंदा चातुर्मासात मी नेम धरला होता, दर शुक्रवारी एका कुमारिकेला जेवू घालायचं. पहिल्या शुक्रवारी ईराला सांगितलं, एखादी मैत्रीण घेऊन ये. ती अख्खा क्लब घेऊन आली. देवाच्या नावाने आलेल्या पोरींना दारातून परत कसं लावणार? वरण-भात आणि पुऱ्या. त्यात रूपाली म्हणून एक आहे, गल्लीतल्याच मराठी घरातली, पण मराठीत विचारलं तर हिंदीत सांगते. तिला म्हटलं, बाळा, अजून एक पुरी? तर म्हणते, "हव मौसी, दो." त्या महिन्यात तेलाचं पिंप अर्ध्यावर आलं. पण ताई, पानात कण टाकला नाही कोणी, आणि जेवून भांडी घासून गेल्या. पुढल्या शुक्रवारी मी नेम वाढवला. एका कुमारिकेच्या जागी सगळ्या. देवीला कळवलं, यांना नंतर.

मग एकेक करून क्लबच आमच्याकडे राहायला आला. आमच्या घरी बोअरचं पाणी, म्हणून जर्सी आमच्या गच्चीवर वाळू लागल्या. शेजारच्या चेष्टा करत, भाभी, लाँड्री कब खोली? जुन्या जर्सी फाटल्या तेव्हा नव्यांचं कापड मीच पंडरीच्या कापडबाजारात जाऊन आणलं. चेतनादीदीला पांढऱ्या हव्या होत्या. मी म्हटलं, पांढरं तुम्ही घालाल, धुवेल कोण? गडद मरून आणलं. चिखल दिसत नाही, पानाचा डाग दिसत नाही, रक्तसुद्धा दिसत नाही. (घाबरू नकोस, कापडाबद्दल बोलते आहे.) चेंडू मात्र मी आत घेत नव्हते. माझ्या घरात कधी अंडं आलं नाही, अंड्याच्या आकाराची वस्तू तरी कशाला? तो ओट्यावर राहायचा. हे मैदानावर रोज जाऊ लागले. रिटायर झाल्यापासून ज्यांना कोणी काम सांगत नव्हतं, ते आता पाण्याच्या बाटल्या भरतात आणि रेघेबाहेरून ओरडतात, "माग दे! अवं, माग दे!" झोपेतही.

आता दाताकडे येते. पण आधी नवमी.

तुला माहीत आहे, खंडेनवमीला आपल्याकडे ज्याचं जे हत्यार ते पूजेला लागतं. विळी, माझी शिलाई मशीन, यांची पेन्शनीची पेटी मांडली. ईराला म्हटलं, पुस्तकं आण. तिने आणली. मग माझ्या मनात आलं, पोरीचं खरं हत्यार तर ओट्यावर पडलं आहे. चार महिने त्याला अंडं अंडं म्हटलं, त्याचंच वाईट वाटलं. आत आणला, पुसला, पाटावर तांदळाच्या राशीत बसवला. कोरडं कुंकू त्या रबरावर टिकेना, म्हणून तुपात कालवून दाट लावलं, चारी बाजूंनी स्वस्तिक काढलं. इतका शोभला म्हणून सांगू!

दुपारी चेतनादीदी सगळ्या पोरींना घेऊन दारात. "मौसी, बॉल देना. तेलीबांधा वाली टीम आ गई है." त्या दिवशी मॅच होती, जिंकेल तो संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार, हे ईराने सांगितलं होतं. पण सामना ज्यांच्या मैदानावर, चेंडू त्यांनी द्यायचा, नाही दिला तर हरले असं धरतात, आणि क्लबकडे धड चेंडू तो एकच, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, बॉल पूजा में बैठा है, कल उठेगा. पूजेतली वस्तू उत्तरपूजेआधी हलवत नाहीत, ते काय मी सांगायला हवं? कोणीही वाद घातला नाही बघ. चेतनादीदीने चप्पल काढली, आत येऊन चेंडूला नमस्कार केला आणि भिंतीला टेकून खाली बसली. रूपालीच्या डोळ्यांत पाणी. ईरा बुटांच्या नाड्या सोडू लागली. ते मला बघवेना.

तेव्हा हे म्हणाले, "हत्यार पूजतात ते चालवाले की झाकून ठेवाले?" छत्तीस वर्षांत यांनी शास्त्राचं बोललेलं हे पहिलं वाक्य. मी अक्षता टाकून चेंडूची तेवढी उत्तरपूजा केली, देवीची क्षमा मागितली, पण अट घातली. पूजेतला चेंडू बगलेत मारून न्यायचा नाही, आणि कुंकू पुसायचं नाही. म्हणून मी अनवाणी पुढे, हातात ताम्हन, ताम्हनात चेंडू, मागे मरून जर्सीतल्या पोरी आणि सर्वांत मागे घंटा वाजवत हे. असे आम्ही मैदानावर गेलो. वाटेत दोन बायकांनी चेंडूवर फुलं टाकली. तेलीबांध्याच्या मुली कडेला उभ्या होत्या, नव्या कॉलनीतल्या, पांढऱ्याशुभ्र जर्सीतल्या.

पांढऱ्या, ताई. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही.

खेळ सुरू झाला. चेंडूला तूप, तुपात कुंकू, वर पोरींना घाम. ज्या पोरीने चेंडू पोटाशी धरला तिची जर्सी लालभडक. जिने घाम पुसला तिचं कपाळ लाल. आमच्या मरूनवर काही दिसेना, आमच्या पोरींच्या कपाळावरचं पूजेच्या टिळ्यात खपलं. आणि या खेळात नियम असा की अंगावर रक्त दिसलं की त्या खेळाडूने बाहेर जायचं, पुसून, तपासून मग परत. पंच बिलासपूरकडचा नवीन माणूस. त्याने तेलीबांध्याची एक बाहेर काढली, मग दुसरी, मग एकदम दोन. डॉक्टर कापूस घेऊन जखम शोधतो आहे, जखम सापडत नाही, तोवर इकडे ईरा मोकळ्या मैदानातून धावत गेली आणि चेंडू रेघेपलीकडे टेकवला. आम्ही जिंकलो. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. (हे वाक्य लक्षात ठेव.) पोरींनी यांना खांद्यावर घेतलं. मलाही घेत होत्या, पण मी नऊवारी नेसले होते.

रात्री आरतीला हात जोडले तर देवीचं कुंकू डोळ्यांसमोर येईना, त्या पोरीचं कपाळ यायला लागलं. बिचारी म्हणत होती, "सर, लगी नहीं है मुझे," आणि सर ऐकत नव्हते. देवीच्या कुंकवाने कोणाला फसवलेलं देवीला कसं चालेल? सकाळी चेतनादीदीला सांगितलं, पंचांना खरं कळवा. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मौसी, जीते हुए हैं हम!" ईरा म्हणाली, "मावशी बरोबर बोलून राहिली, दीदी. फिरून खेळू." तेलीबांधावाल्यांनीही मोठं मन केलं. मॅच नव्याने ठरली, आणि ती आहे येत्या रविवारी. ज्या रविवारी तुझी गाडी आहे, त्याच दुपारी. आणि आमच्या दोन पोरी धानकापणीला गावी गेल्या, म्हणजे संघात सात लागतात आणि ईरा धरून सातच उरतात. ईरा गाडीत बसली तर खेळ न होताच आम्ही हरलो, आणि क्लबचं हे वर्ष तिथेच संपलं.

तुझी चिठ्ठी आली तशी ईराने जर्सी धुतली, इस्त्री केली, घडी घालून चेतनादीदीला द्यायला ठेवली, आणि गुमान बॅग भरायला बसली. आईचा शब्द आहे म्हणाली. मीही मोठ्या बहिणीच्या शब्दाबाहेर नाही. म्हणून आज्ञेप्रमाणे सगळं सविस्तर लिहिलं. तिचं वजन वाढलं आहे, झोप गाढ लागते, कॉलेजचे मार्क सोबत जोडले आहेत. कळावे, लोभ आहेच, तो लाडवांसकट पोचतो.

तुझी धाकटी,
वनमाला

ता.क. : दाताचं राहिलंच. ताई, मोठ्या बहिणीच्या हातच्या पदार्थाला नाव ठेवू नये म्हणून एवढी पानं टाळलं. दात मॅचमध्ये गेला नाही. मॅचनंतर सगळ्या आमच्याकडे आल्या, मी तू दसऱ्यासाठी आधी पाठवलेले शेवेचे लाडू काढले. पाक जरा पुढे गेला होता. ईराने आईच्या हातचा म्हणून पहिला उचलला आणि चावला, आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला. रूपालीने मग उरलेले वरवंट्याखाली घेतले. दुसऱ्या दिवशी फोनवर तू दात पाहून ओरडलीस, तर पोट्टी म्हणाली, खेळताना लागलं. मी नंतर रागावले, खोटं काहून बोललीस? तर म्हणे, "मावशी, ते लाडू वळताना आईचा हात भाजला होता. तिले कसं सांगू, तुझ्याच लाडवानं दात गेला?" खेळ सुटला तरी चालेल, पण तुला वाईट वाटायला नको, असा तिचा हिशेब. मी शिकवलेला नाही, तुझाच असेल. मी सांगितलं हे तिला कळू देऊ नकोस.

ता.क. २ : तिकीट मी काल रद्द केलं. पैसे कापले गेले, ते माझ्या खर्चात मांडले आहेत. (मी! रद्द तिकिटाचे! हे अजून माझ्याकडे बघत आहेत.) त्याऐवजी बडनेऱ्याहून रायपूरचं तुझं शनिवारचं तिकीट काढलं आहे, खालचा बर्थ, सोबत पाठवते. रविवारी तुझी पोट्टी धावताना बघ, मग न्यायची तर ने. लाडवांचा डबा तू आलीस की तुझ्याच हाताने उघडू.

ता.क. ३ : येणार असलीस तर उलट टपाली एक ओळ टाक. नाही म्हणायचं असेल तर तू फोन करशील, ते मला ठाऊक आहे. म्हणून फोन काल संध्याकाळी हळदकुंकू वाहून पूजेत बसवला आहे. त्याची उत्तरपूजा रविवारी मॅचनंतर.