दहापैकी सहा

सिडको, नाशिक
दि. ८ नोव्हेंबर १९९६

चि. योगिनीस मामाचे आशीर्वाद, आणि त्यांच्या जोडीला थोडी कानउघाडणी.

तुझं पाचवं इंग्रजी पत्र मिळालं. तपासून सोबत परत पाठवतो आहे. ते वाचून डोक्यात अशी तिडीक गेली की तुझ्या मामीनं आणलेला चहा तसाच निवला. अगं, राहुरीला चार वर्षं राहून शेतकीची पदवी घेतलीस, पहिल्या पाचांत आलीस, आणि इंग्रजीत साधं एक वाक्य सरळ उभं करता येत नाही? साठवणीच्या चाळीतला कांदा का सडतो, त्याच्यावर काजळी कशी चढते, ते शिकायला अमेरिकेत जायचं म्हणतेस. तिथला प्रोफेसर तुला घ्यायला तयार आहे. चांगली गोष्ट आहे. पण मध्ये टोफेलची परीक्षा आहे, आणि ती काही तुझ्या बाबांच्या ओळखीची नाही. अकरा जानेवारीला मुंबईत बसवतील आणि व्याकरण, शब्द, वाचन, ऐकणं, सगळं पिंजून काढतील.

खरं सांगू का, मला त्या परीक्षेचाच संताप येतो. सत्तावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतोय मी. आणि आमच्या पोरींनी यांना डॉलर मोजून दाखवायचं की बघा हो, आम्हाला तुमची भाषा येते! त्यांच्यातला एक तरी सटाण्याच्या बाजारात उभा राहून अहिराणीत दोन वाक्यं बोलेल का? पण नुसतं चिडून काही होत नाही, म्हणून तुझा फॉर्म मीच भरला. परीक्षेचं प्रवेशपत्र आणि पासपोर्ट एकत्र जपून ठेव. पासपोर्ट नसेल तर आत सोडत नाहीत.

आपली पद्धत तीच. तू इंग्रजीत पत्र लिहायचं, मी लाल शाईनं दुरुस्त करायचं, आणि प्रत्येक वाक्याखाली त्याचा मराठी अर्थ लिहायचा, म्हणजे मनात होतं तेच कागदावर उतरलं का ते तुझं तुला दिसेल. दाजी त्या मराठी ओळी जेवणं झाल्यावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात आणि हसतात, असं तू लिहिलंस. हसू देत. तेवढीच घरात करमणूक.

पुढचा अभ्यास असा : एक काल्पनिक पत्र लिही. संकटात सापडलेली मुलगी नातेवाइकाकडे मदत मागते आहे. संकट तुझ्या मनचं घे. वाचणाऱ्याला पाझर फुटला पाहिजे. वीस वाक्यांच्या खाली चालणार नाही.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग. माझा लोभ आहेच, तो वाढावा असं वाटत असेल तर आधी अभ्यास वाढव.

तुझा
लहानूमामा


सिडको, नाशिक
दि. २० नोव्हेंबर १९९६

चि. योगिनीस आशीर्वाद.

घाईत लिहितो आहे. चाचणीचे दोनशे पेपर टेबलावर पडलेत आणि मुख्याध्यापक माझ्या मानेवर बसलेत. तुझं काल्पनिक पत्र तपासून सोबत पाठवतो. चुका अकरा. गुण दहापैकी सहा.

प्रयत्न बरा आहे, पण विषय फार भडक केलास बाई. परीक्षेच्या आधीच मुलीचं लग्न उरकायचं, सुपारीचा दिवस तिला न विचारता ठरवायचा, हे नाटकात शोभतं. वडिलांचं पात्र तर अगदीच एकतर्फी आहे. तो माणूस असा का वागतो ते तू सांगतच नाहीस, मग वाचणाऱ्याला पटणार कसं? हे पत्र परत पाठवू नका, याच्याखाली मराठी लिहू नका, चोवीस तारखेच्या रविवारच्या आत या, अशी शेवटची तीन वाक्यं मात्र छान जमली आहेत. एकही चूक नाही. त्यांना मी पूर्ण गुण दिले आहेत.

आता रोज पन्नास नवे शब्द पाठ कर. आळस केलास तर मी आहे आणि तू आहेस. मामी तुला पापड पाठवणार आहे.

लोभ आहे तसाच आहे.
लहानूमामा


सटाणा
दि. २३ नोव्हेंबर १९९६

ती. मामांस, नमस्कार लिहिते आहे तो फक्त सवयीनं.

मामा, ते काल्पनिक नव्हतं!

एक शब्दही काल्पनिक नव्हता. नांदगावचं स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे. एक डिसेंबरला सुपारी, आणि पौष लागायच्या आत लग्न. मग अकरा जानेवारीला मी मुंबईत पेपर देत नसेन, नांदगावला नव्या सासरी भाकरी थापत असेन. आजच्या घडीला बाबा फक्त तुमचं ऐकतात, म्हणून तुम्हाला हाक मारली. फोन बाबांच्या कांद्याच्या गाळ्यात, त्यांच्या हाताशी. घरातलं प्रत्येक पत्र बाबांच्या हातून टपालात पडतं. त्यांना न कळता तुम्हाला काही सांगायचं तर माझ्याकडे इंग्रजीशिवाय होतं काय? तुम्ही सांगितलेल्या अभ्यासाच्या नावाखाली लिहिलं, म्हणजे कोणाला शंका येणार नाही असं वाटलं. मी माझ्या मते फार हुशारी केली होती.

आणि तुम्ही त्याखाली मराठीत अर्थ लिहून पाठवलात! वळणदार अक्षरात, सुटा सुटा, बाबांना चष्मा न लावताही वाचता येईल असा. याच्याखाली मराठी लिहू नका या वाक्याच्या खालीसुद्धा लिहिलंत की याच्याखाली मराठी लिहू नका. मामा, हात तरी थांबायचा ना!

आज दुपारी पाकीट आलं. जेवणं झाली आणि बाबांनी नेहमीसारखं वाचायला घेतलं, आधीच हसत. मी उठून हिसकावणार, तोवर त्यांनी सुरूही केलं. पहिल्या दोन ओळींना हसले. तिसऱ्या ओळीत नांदगाव आलं. मग हसणं थांबलं, वाचणं थांबलं नाही. मोठ्यानंच वाचत राहिले. माझे वडील कांद्याचा सौदा दहा जणांना विचारून करतात, माझा सौदा करताना मला विचारत नाहीत, ही माझी ओळ मी बाबांच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत ऐकली. मग तुमची चिठ्ठी वाचली, ती भडकवाली, तीही पूर्ण. आईनं एवढंच विचारलं की हे सगळं माझ्या भावाला आधीच कळलं होतं ना, मग तो आला का नाही. याचं उत्तर मी काय देऊ?

बाबा ओरडले नाहीत. उठले, माझी पुस्तकं, पासपोर्ट, परीक्षेचं प्रवेशपत्र गोळा केलं आणि गाळ्यातल्या लोखंडी कपाटात नेऊन कुलूप घातलं. पत्र खिशात घालून गेले. जाताना आईला सांगून गेले की मास्तर दारात दिसला तर त्याची धडगत नाही. तेव्हा आता येऊ नका. यायचं होतं तेव्हा आला नाहीत.

तुमच्या यादीतले दोन हजार शब्द मी पाठ केलेत. त्यात रागाचेच चौदा आहेत. आज त्यातला एकही माझ्या उपयोगाचा नाही, म्हणून मराठीत लिहिते आहे. बाबांनी वाचलं तरी वाचू दे, आता लपवायचं काही उरलं नाही. तुम्ही माझ्या अकरा चुका काढल्यात. मी काय म्हणतेय ते एकदा, फक्त एकदा, मामा म्हणून वाचलं असतं तर बिघडलं असतं का?

लोभ असावा असं आज लिहवत नाही.

योगिनी


सिडको, नाशिक
दि. २६ नोव्हेंबर १९९६

ती. दाजींस लहानूचा साष्टांग नमस्कार.

पोरीवर रागावू नका. जे पत्र तुमच्या वाचण्यात आलं तो मी दिलेला अभ्यास होता. संकटातल्या मुलीचं काल्पनिक पत्र लिही, असं मीच आठ तारखेला कळवलं होतं. तिनं बिचारीनं हाताशी होतं ते सामान वापरलं. टोफेलच्या तयारीत असे निबंध लिहावेच लागतात. खऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. चूक असेल तर ती माझी, शिक्षा मला करा. पुस्तकं तेवढी तिची तिला द्या. परीक्षेला दीड महिना राहिलाय आणि एकेक दिवस मोलाचा आहे.

ते पत्र कृपा करून मला परत पाठवा, नाहीतर जाळून टाका. घरात ठेवू नका. असला कागद घरात असला की मनं कलुषित होतात.

इथवर शांतपणे लिहिलं. पण दाजी, मलाही राग येतो, आणि आज तो आवरत नाही. समजा, ते खरं असतं. तर? चोवीस वर्षांची, शिकलेली पोर. महिनाभर थांबलं असतं तर नांदगाव काय पळून जाणार होतं? तुम्हाला हे कुणी तरी विचारायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं. मी पेपर तपासत बसलो. तिचं पत्र मी चारदा वाचलं, आणि चारही वेळा चुकाच शोधल्या.

ताईला माझा नमस्कार. ती नमस्कार घेईल की नाही, ठाऊक नाही.

आपला
लहानू


सटाणा
दि. २९ नोव्हेंबर १९९६

श्री. लहानू देवरे मास्तर यांस खंडेराव अहिरे याचा रामराम.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. मालाची चिठ्ठी लिहितो तेवढीच. यातल्या चुका काढू नका, तुमची लाल शाई तुमच्याकडंच राहू द्या.

तुम्ही लिहिता की ते काल्पनिक होतं. मास्तर, तीस वर्षं कांद्यात गेली माझी. गोणीत हात घातला की कळतं आत काय हाय. त्या पत्रात नांदगाव हाय, सुपारीची तारीख हाय, माझ्या गाळ्यातला फोन हाय. मला येडा समजता का? पोरीसाठी खोटं बोलायला आता निघालात. तिनं बोलावलं तवा कुठं होतात?

माझा राग कशाचा ते नीट ऐका. तिनं माझ्याविरुद्ध लिहिलं त्याचा राग आला. लय आला. दोन दिवस घरात जेवलो नाही, गाळ्यावर भेळभत्ता खाऊन काढले. पुस्तकं कपाटात कोंबली ती मीच. पण पत्र खिशातच राहिलं होतं. मंगळवारी लिलाव लवकर आटपले, एकटाच बसलो होतो, परत काढून वाचलं. त्यात शिवी नाही. खोटं नाही. सौद्याची ती ओळ आली आणि तोंड कडू झालं, कारण ती खरी हाय. नांदगाववाल्यांशी मी मांडव कुठं, मानपान काय, जेवायला किती माणसं, सगळं बोललो. पोरीला विचारायचं राहिलं. राहिलं पण नाही, सुचलंच नाही.

आणि तुमच्यावरचा राग त्याच्याहून मोठा हाय. पोरीनं हाक मारली. बापाविरुद्ध का असेना, मामाला मारली. मामा असतो कशाला? तुम्ही चुका मोजल्या आणि भडक म्हणून शेरा मारला. वडिलांचं पात्र एकतर्फी हाय म्हणालात. अहो, सव्वीस वर्षं मला दाजी म्हणता, त्या पात्राला ओळखलं नाही? सहा गुण दिलेत, चार कशाचे कापले ते मला समोर येऊन सांगा. शाळेतली पोरं तुमची असतील, त्यांचे पेपर तपासा. ही माझी हाय, मनी पोर शे.

काल नांदगावला जाऊन आलो. नाही म्हणून सांगितलं. त्यांनी पाणीसुद्धा पुढं केलं नाही. वाट्टेल ते बोलले, मी मान खाली घालून ऐकलं. त्यांची काही चूक नव्हती. येताना गाळा उघडून पुस्तकं, पासपोर्ट, परीक्षेचा कागद घेतला आणि पोरीच्या हातात दिला. तिनं घेतला आणि आत निघून गेली. अकरा जानेवारीला मुंबईला मी नेणार हाय, तुम्ही मधे पडू नका. पास झाली तर अमेरिकेत पाठवायची का, ते मला आज सांगता येत नाही. एवढ्या लांब पोर एकटी जायची हाय. पण ठरवायचं तवा ती समोर बसलेली असंल, आणि आधी ती बोलंल.

तुमच्या बहिणीनं त्या दिवसापासून तुमचं नाव घेतलं नाही. तिला भेटायला या. माझ्याशी बोलायची गरज नाही.

राहिलं ते पत्र. तुम्ही परत मागता, जाळा म्हणता. ते मिळणार नाही आणि जळणार पण नाही. माझ्याच घरात, माझ्याच पोरीला, मला कळू नये म्हणून परक्या भाषेत रडावं लागलं, हे मी मरेपर्यंत विसरायचो नाही. तिनं ते मलाच सांगायला पाहिजे होतं. सांगता येईल असा बाप मी नव्हतो, म्हणून तुमच्या पत्त्यावर गेलं. आता ते माझ्याकडं आलंय आणि माझ्याकडंच राहील.

लोभ असू द्या असं शेवटी लिहायची रीत हाय. असंल, पण थोडे दिवस जाऊ द्या.

खंडेराव अहिरे