पत्र्याच्या भोकाखालचा गंज

१४ मे, शनिवार

परत आलं! तिसऱ्यांदा. "गंज अजून हवा, क्लायंटला फील येत नाहीये." फील म्हणे! इथं लॅपटॉपला हात लावला की चटका बसतोय. पंखा फिरतो तो पण गरम वारा फेकत. आणि ह्यांना पुण्यात एसीत बसून फील पाहिजे.

काम तसं नेहमीचंच. जुन्या कारखान्यातलं एक थोरलं प्रेस मशीन. कॉम्प्युटरवरचं मॉडेल त्यांनीच पाठवलंय, कोरं, करडं, प्लास्टिकच्या खेळण्यासारखं. त्याच्यावर मी लोखंड चढवायचं — उडालेला रंग, पोपडे, ओरखडे, गंज. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की बोट लावलं तर तांबूस लागंल. गेमसाठी आहे का सिनेमासाठी, श्रेयस सांगत नाही. लीड आहे ना तो! विचारलं की "सांगता येत नाही गं." बरं बाबा. नको सांगू.

आईच्या गुडघ्यासाठी चार दिवस म्हणून घरी आले, ती चकलांब्यातच अडकले.

१५ मे

लाईट नाही. झोपले.

१६ मे, सोमवार

गंजाचे फोटो बघून बघून डोळे गेले. गोदीतली जहाजं, कोकणातली फाटकं. सगळे तेच वापरतात. मी पण लावला — फुगलेला, ओलसर, थराथराचा. दिसतोय बरा, पण कुणीतरी फासल्यासारखा. गंज उगाच येत नसतो. पाणी कुठून पडतं, कुठून ओघळतं, कुठं साचतं, ते कळलं पाहिजे.

शेवटी अप्पांना विचारलं. माझे वडील म्हणजे आमच्या कापूस सोसायटीच्या जिनिंगचे फिटर. कापसाच्या गाठी बांधायची प्रेस त्यांच्याच हाताखाली. कापूस यायचा बंद झाला आणि दोन वर्षांखाली जिनिंगला कुलूप लागलं. तरी कुणी विचारलं की "मी फिटर हाय" असंच सांगतात. पाच तारखेला सभासदांची सभा आहे. जिनिंग परत चालू करायची का विकून टाकायची, ते ठरणार. अप्पांचा पांढरा शर्ट आत्तापासून धुवायला पडलाय. प्यायला टँकरची वाट बघायची आणि ह्यांना शर्ट!

"अप्पा, अशी प्रेस बंद पडली तर गंज पहिला कुठं धरतो?"

चेहराच फुलला त्यांचा. दोन वर्षांत कुणी मशीनचं विचारलं नव्हतं. "आपल्याच प्रेसचं सांगतो की. डाव्या खांबाच्या बरोबर वर पत्र्याला भोक हाय. मी सांगून सांगून थकलो, कुणी बुजवलं न्हाई. थेंब पडला की खांबावर, तिथून ओघळ खाली थाळ्यावर. धरला तर तिथंच धरंल, बघ तू. लई ग्रीस थापून आलो मी शेवटच्या दिवशी. पण आता आत कोण जाऊ देतंय? सुंदररावानं चेअरमन झाल्यापास्नं फाटकाला हातसुद्धा लावू दिला न्हाई." मग म्हणाले, "कावून विचारायलीस?"

कामासाठी, म्हटलं. जेवताना पण तेच बोलत होते.

१८ मे, बुधवार

डाव्या खांबावर वरून खाली ओघळ सोडला. वर बारीक, खाली येता येता रुंद. थाळ्यावर साचल्याचा काळपट डाग, त्याच्या कडेला नारिंगी. रेंडर लावून, म्हणजे पक्कं चित्र तयार व्हायला ठेवून, टँकरला गेले. आईला वजन उचलायचं नाही, त्यामुळं घागरी माझ्याकडंच. परत येऊन बघितलं तर — क्षणभर मलाच खरं वाटलं! डोंगलवरून फाईल जाईना म्हणून गेवराईला नेट कॅफेत गेले. बसमध्ये जीव नकोसा झाला.

श्रेयसचा मेसेज — "जबरदस्त!!" खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

२४ मे, मंगळवार

क्लायंटची शेवटची दुरुस्ती. शेडच्या भिंतीवर बोर्ड लावा, मजकूर सोबत.

मजकूर वाचला. आमच्या सोसायटीचं नाव. आमचं गाव.

श्रेयसला फोन लावला. "अगं हो, सभासदांना सध्याची अवस्था दाखवायचीय. त्यांच्या चेअरमनचं काम आहे." म्हणजे सुंदरराव! आत जाऊन कुणी बघितलंय का विचारलं. "दोन वर्षं बंद आहे ना? मग गंजलेलीच असणार. आणि हे सगळं अगदी खरं वाटतंय, ते तर तूच केलंयस!"

असेलही गंजलेली. कुणी सांगावं. बोर्ड लावला. पाठवून दिला. आता डोकं इतकं दुखतंय की अक्षर वाकडं येतंय.

२७ मे, शुक्रवार

राहवलं नाही. दुपारी गावात चिटपाखरू नव्हतं तेव्हा जिनिंगवर गेले. सटवामामा राखणदार. लहानपणी अप्पांचा डबा घेऊन जायचे तेव्हापासून ओळखतात. "गुरुपादची गंगू व्हय? बघ अन् लगेच नीघ. कुणाला बोलू नको माय."

आत बोट रुतंल एवढी धूळ. कबुतरं. पत्र्याला भोक आहे, अप्पांनी सांगितलं तिथंच. त्यातून उन्हाचा पट्टा डाव्या खांबावर पडलेला. ओढणीनं धूळ पुसली. खाली ग्रीस, वाळून घट्ट झालेलं. नखानं खरवडलं. खाली लोखंड — स्वच्छ! निळसर! खांब वरून खालपर्यंत बघितला, थाळा बघितला, मागं जाऊन बघितलं. कुठंच काही नाही.

गंजाला पाणी लागतं. हे मीच लिहिलंय वर. दोन वर्षांत धड चार सरी पडल्या नाहीत आणि मी ह्या मशीनला कोकणातला गंज लावून बसले! मूर्ख! तिथंच खाली बसून रडले. सटवामामांना वाटलं ऊन लागलं, बिचाऱ्यांनी आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

मोबाईलवर फोटो काढले. श्रेयसला पाठवले. "फाईल गेली गं पुढं. तू तुझं काम केलंस, सोड आता." सोडून दे म्हणे.

३१ मे

अप्पांना आज सांगणार होते. तुमची प्रेस चांगली आहे आणि तिला गंज मी लावलाय, हे एका दमात कसं सांगायचं? ते शर्टाला इस्त्री करून आले. इतके खुशीत होते. नाही सांगितलं.

५ जून, रविवार

सभा झाली.

मांडवात मोठा पडदा. सुंदरराव म्हणाले, "आपली जिनिंग आज कशी हाय, ते मंडळींनी डोळ्यांनी बघावं." आणि माझी प्रेस आली. पडद्यावर घराएवढी. लोक "आरारारा" करायला लागले. कॅमेरा खांबावरून हळूहळू खाली आला, ओघळाबरोबर. मी बायकांमध्ये मागं उभी होते. अप्पांची पाठ दिसत होती. ती वाकली.

मग मी गेले पुढं. कशी गेले माहीत नाही. म्हटलं, हा गंज खरा नाही, हा मी कॉम्प्युटरवर केलाय, खरी मशीन चांगली आहे, हे बघा फोटो. मोबाईल वर धरला. एवढ्याशा स्क्रीनवर कुणाला काय दिसणार?

सुंदरराव हसले. "गुरुपाद, लेक हुशार हाय तुझी! नव्याचं जुनं, जुन्याचं नवं, हाच धंदा तिचा. मग ह्ये फोटोबी तसलेच असत्याल की!" सगळा मांडव हसला. मी मोबाईल खाली घेतला. धंदा तोच आहे माझा.

विकायच्या बाजूनं हात वर करा म्हणाले. हात वर झाले. अप्पांचा पण.

घरी आल्यावर मी ओरडलेच. अप्पा, मी खरं सांगत होते! अप्पांनी शर्ट काढून खुंटीला लावला. "गंगू, माझ्या जिवासाठी भर सभेत खोटं बोललीस. नको बोलू. मी बघितला की ओघळ. बरोबर भोकाखाली. दुसऱ्या कुणाला ती जागा ठावंच न्हाई. आता कुजवण्यापरीस गेलेली बरी."

मीच तिथं ओघळ काढला, ती जागा तुम्हीच मला सांगितली होती, असं म्हणाले मी. ऐकलं नाही. भिंतीकडं तोंड करून पडले.

६ जून

अप्पा जेवले नाहीत.

१४ जून, मंगळवार

प्रेस गेली. ट्रेलर आमच्या दारावरून नेला. सटवामामा मागं चालत होते, म्हणाले, "भंगारात न्हाई गं, घेणारे तिकडं नेऊन चालू करणार हायेत." ताडपत्री वाऱ्यानं उडालेली. दोर घासून डाव्या खांबावरची धूळ गेलेली, आणि ऊन पडून तो असा चमकत होता की डोळे दिपले. अप्पा दारातच उभे होते. ट्रेलर वळणावर जाईपर्यंत बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "भोकाचं मीच सांगितलतं की तुला."