स्वतः काही न घडवणारे तुकडे

कैरो

प्रिय बहियाताई,
तुझ्या घरावर अल्लाची सावली राहो.

तू पाठवलेलं तूप, वाळवलेल्या भाकरी आणि काकवी पोहोचली. गाडीवाल्याने साठ पौंड घेतले. काकवी मी लपवली आहे, आईचा मधुमेह तुला ठाऊकच आहे.

आई खुशीत आहे. मूत्रपिंडाच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या रक्तातले आरएनए नावाचे बारीक तुकडे तपासले. "हे स्वतः काही घडवत नाहीत, फक्त दुसऱ्यांना गप्प बसवतात," त्या म्हणाल्या. आई लगेच म्हणाली, "म्हणजे आमच्या बहियाची सासूच की!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. या तुकड्यांचा तोल बिघडला की मूत्रपिंड आतून निबर होत जातं, असं बाईंना वाटतं. संशोधन चालू आहे, खात्री कुणी देत नाही. आईची मूत्रपिंडं निम्मी निकामी झालीत, एवढं मात्र नक्की.

"मुलांत कुणाला मधुमेह?" त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तुझी लघवीची तपासणी चांगली आली, तेही सांगितलं.

"दोन वर्षांपूर्वी तुमच्या आईचीही चांगलीच आली होती," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून नमाजात चित्त लागत नाही. तू घाबरू नकोस. पण ताई, लघवीला फेस येतो का, पाय सुजतात का, खरं काय ते उलट टपाली कळव.

तुझी धाकटी,
इनसाफ