मत न देता परत आलेले

ता. ६, मंगळवार
देशमुखबाईंकडे शेवटची बैठक. बाई निवृत्त शिक्षिका, आमच्या नागरिक गटाच्या प्रमुख. गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं. फोटोत मी घाबरल्यासारखा दिसतो. घरी ही म्हणाली, "दिसता काय, आहातच."
मतदान रविवारी. केंद्रात आम्हाला परवानगी नाही. शंभर मीटरच्या रेघेबाहेर टेबल. कुणी मत न देता परत आला तर त्याला कारण विचारायचं, छापील कागदावर लिहायचं, सही घ्यायची. वाद नाही, कुणाची बाजू नाही. बाई म्हणाल्या, "सगळ्या वॉर्डांत एकाच पट्टीने मोजायचं. तरच आपल्या अहवालाला कुणी विचारेल."
सातवी शिकलेल्या माणसाला हे काम दिलंय. चुकलं तर?

ता. ९, शुक्रवार
बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवेना. पाकीट दोनदा मोजलं.
मतदार यादी चाळत बसलो. दिवाळीनंतर दिघीतल्या तीन गल्ल्या घरोघर फिरून मीच तपासल्या होत्या. दुबार नावं, मयत, घर सोडलेले. सगळ्यांत स्वच्छ यादी तुमची, असं बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या.
भागवतचं नाव नाही. ते वगळायचा अर्ज, नमुना सात, मीच भरला. 'मयत' लिहिताना पेन चालेना.
भोसरीच्या कंपनीत आम्ही दोघं एकोणतीस वर्षं एकाच मशिनवर. तो पहिल्या शिफ्टला, मी दुसऱ्या. पाळी बदलताना दहा मिनिटं बोलणं व्हायचं. तेवढ्यावर एवढी दोस्ती.
शेवटची दोन वर्षं अबोला. ज्येष्ठ नागरिक संघाची निवडणूक. तो अध्यक्षपदाला उभा, मतमोजणी माझ्याकडे. एका चिठ्ठीवर कोपऱ्यात 'श्री' लिहिलेलं. खूण केलेली चिठ्ठी बाद, नियम मोठ्याने वाचला. भागवत एका मताने पडला. ती चिठ्ठी कुणाची, अख्ख्या संघाला ठाऊक. वीजबिलाच्या मागे हिशेब केला तरी आधी 'श्री' लिहिणारा माणूस तो.
यादीच्या कामाला त्याच्या दारी गेलो तर कुलूप. समोरच्या घरातली सून म्हणाली, "काका गेले ना, दिवाळीच्या आधीच."
जिन्यातच बसलो. तिने पाणी आणून दिलं.
बोलायचं राहिलं ते राहिलंच.

ता. ११, रविवार
अक्षर कसंही येतंय.
अकराच्या सुमाराला रिक्षातून एक म्हातारा उतरला. काठी, पांढरी टोपी, सोबत एक बाई. पाठमोरा होता. अर्ध्या तासाने दोघं परत आले. मी खाली मान घालून, शिकवल्याप्रमाणे विचारलं, "नाव?"
"भागवत..."
आवाजानेच वर बघितलं. भागवत. अंगाने उतरलेला, पण भागवतच.
आधी आनंद झाला. देवाशपथ आधी आनंदच झाला. मग नमुना सात आठवला.
तो हसत होता. "आरं बळीराम! बघ की, मला मयत म्हणायलेत. मी म्हणलं, साहेब, मग आताच्या रिक्षाचं भाडं कुणी दिलं, कावळ्यानं?"
दोन वर्षांनी बोलला. आपणहून. जसं काही झालंच नाही.
मुलगी सुनंदा म्हणाली, "दिवाळीआधी बाबांना पुनावळ्याला माझ्याकडे नेलं, काका. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मत मात्र दिघीतच द्यायचं म्हणून हटून बसले."
गेले म्हणजे पुनावळ्याला गेले.
भागवत म्हणाला, "तू हाईस ते बरं झालं. चल आत, सांग त्यांना मी कोण हाय."
"आम्हाला आत जाता येत नाही. कुणाची बाजू घेता येत नाही."
"बाजू कसली राव? मी जित्ता हाय एवढंच सांगायचं."
मी कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'नाव वगळले आहे. मयत.' कागद पुढे केला. त्याने सही केली. मला म्हणाला, "अक्षर अजून चांगलं हाय तुझं."
तेव्हा तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रिक्षा वळेपर्यंत बघत राहिलो.

ता. १२, सोमवार
बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जड गेलं.
मयत लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारायचे ठरले होते. कधी, कुठे, कुणी पाहिलं. मी एकही विचारला नव्हता. म्हणालो, "बाई, असं ऐकल्यावर माणूस प्रश्न विचारत बसतो का?"
"म्हणून तर ते कागदावर लिहून दिले होते, बळीरामभाऊ."
वगळण्याची नोटीस गेली होती. कुलूपबंद घरी.
अहवालात गटाची चूक म्हणून लिहू म्हणाल्या, नाव नको. मी म्हणालो, नाव घाला. पट्टी एकच ना? बाई बघू म्हणाल्या.

ता. १४, बुधवार
पुनावळ्याला गेलो. दोन बस बदलून. अकरावा मजला.
सांगितलं. नमुना सात मीच भरला, खाली सही माझी.
भागवतने काठी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "तवा मत बाद केलास ते नियमानं. आज ना उद्या मी इसरलो असतो. आता माणूसच बाद केलास."
"मला खरंच वाटलं रे तू गेलास. जिन्यात बसून रडलो."
"खरंच वाटलं?"
"देवाशपथ."
"मग सुनंदाला भेटाया का न्हाई आलास? दहावं, तेरावं, कायतरी झालं आसंल की माझं. कुणाला इचारलास?"
का नाही गेलो? लाज वाटली होती. मेल्यावर आला, असं लोक म्हणतील. आणखी एक, ते इथेच लिहितो. त्या जिन्यात रडलो ते खरं, पण उठताना कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं होतं. आता माफी मागायला नको.
सुनंदा चहा घेऊन आली. भागवत तिला म्हणाला, "त्यांना उशीर होत असंल, बघ."
त्यांना.
चहा तसाच ठेवून उठलो.

ता. १७, शनिवार
आमच्या वॉर्डात जो निवडून आला तो मोठ्या फरकाने. ही म्हणाली, "एका मताने काय झालं असतं?"
काही नसतं झालं. पण भागवत ऑपरेशनचा गुडघा घेऊन आला होता.
नाव परत घालायचा नमुना सहा आणला. एक कागद खाडाखोडीत वाया गेला. दुसरा देऊन आलो, सुनंदाने दारातच घेतला. संध्याकाळी तिचा फोन. "काका, बाबा सही करत नाहीत. म्हणतात, मेलेल्याची सही चालते का, विचार त्यांना."
मी म्हणालो, असू दे. राहू दे तुझ्याकडेच.
अहवालाचा मसुदा आला. 'एका कार्यकर्त्याच्या चुकीमुळे.' नाव नाही. बाईंना फोन केला, उचलला नाही.

ता. २०, मंगळवार
हे पुनावळ्यात लिहितोय. सोसायटीच्या फाटकाजवळ बाक आहे, त्यावर बसून.
वॉचमनने वही पुढे केली. नाव, वेळ, कोणाकडे, काम. पोरगं बीडकडचं, बोलायला मोकळं. कामाचा रकाना कोराच राहिला तर म्हणालं, "आबा, काय सांगू वर? सहीचं काम म्हणू?"
फॉर्म मी आणलेलाच नव्हता.
"काम नाही. भेटायला आलोय म्हण."
त्याने वर फोन लावला. सांगितलं. ऐकून घेतलं. खाली ठेवला.
"कळवतो म्हणलेत."
"कोण बोललं? त्यांची मुलगी?"
"न्हाई, म्हातारेच व्हते."
त्याला तास उलटून गेला. चाकणकडची कंपनीची बस येऊन माणसं उतरवून गेली. वॉचमनचा चहा आला, अर्धा मला दिला. एकदा फोन वाजला, तो दुसऱ्या कुणाचा, पार्सलचा.
पाठ दुखतेय. घरी सांगून आलो नाही.
पोरगं म्हणतंय, परत लावू का? मी म्हणालो, नको. त्याला वाटेल तेव्हा.